लोणारचं तळं लवणासुरानं केलं का उल्केनं? पोरीच्या विज्ञानाच्या पेपरावरून धागा

कपाशीवाला_मेहकर
राम राम मंडळी. सोयाबीन घरात आलं, पऱ्हाटीची पहिली वेचणी आटोपली म्हणून जरा टाईम भेटला, तं लिहून राह्यलो. माही पोरगी आठवीत हाये, शाळा आमच्याच भागातली, नाव काही सांगत नाही. तिचा चाचणीचा विज्ञानाचा पेपर सहीले घरी आला. प्रश्न होता, लोणार सरोवर कसे तयार झाले, मार्क ३. पोट्टीनं लिहिलं का आकाशातून उल्का येऊन आदळली, काळा खडक फुटला, मोठा खड्डा पडला आन् मंग त्यात पाणी साचलं. भेटले दीड मार्क. खाली लाल पेनानं शेरा, "पौराणिक कारण पण लिहावे".

मी सरले फोन लावला. सर माणूस चांगला हाये, उगाच खोटं कायले बोलू, मुलीयच्या सायकलीचं काम त्यायनंच पाठपुरावा करून केलं. म्हणे, "भाऊ, दोन्ही बाजू सांगाव्या लागतात, आपली संस्कृती पोरायले विज्ञानातूनच कळली पाहिजे." मी गप बसलो, पण डोक्यातून काही जाऊन नाही राह्यलं. लवणासुराची गोष्ट, राक्षस जमिनीखाली लपला आन् विष्णूनं त्याले मारलं ती, माह्या मायनं मले सांगितली, मी पोरीले सांगितली, नवरात्रात आम्ही सगळे तळ्याकाठच्या कमळजा देवीले जातो. गोष्टीवर माहा राग नाही. पण विज्ञानाच्या पेपरात तिच्यासाठी मार्क कापाचे का? तुमच्याइकडे काय चालते ते सांगा.

देवा_देऊळगाव
दीड मार्कासाठी धागा 😄 आठवीच आहे ना, बोर्ड थोडीच आहे. कापसाले भाव काय भेटला ते सांगा आधी.

कपाशीवाला_मेहकर
देवाभौ भावाचं नावच काढू नका, तो धागा येगळा काढू आन् तिथं रडू.

गुरुजी_रिटायर्ड_वाशीम
विषय दीड मार्काचा नाही देवाभाऊ. मी जिल्हा परिषदेत आयुष्य घालवलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

संविधानाचं कलम २८ आहे. त्याच्या पहिल्याच पोटकलमात सांगितलंय की पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही. म्हणजे आपली झेडपीची शाळा आलीच. संस्थांच्या अनुदानित शाळांना थोडी मोकळीक आहे, पण तिथेही मुलाला बसवायचं तर पालकांची संमती लागते, सक्ती चालत नाही. आता कोणी म्हणेल की मग संतांचे अभंग मराठीच्या पुस्तकात कसे? तर सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये अरुणा रॉय यांच्या केसमध्ये हा फरक केला आहे, धर्मांविषयी माहिती देणं वेगळं आणि धर्माची दीक्षा दिल्यासारखं शिकवणं वेगळं. माहिती द्यायला बंदी नाही. म्हणून लवणासुराची कथा मराठीच्या तासाला सांगा, सहलीत लोणारच्या दैत्यसूदनाच्या देवळात सांगा, तिथली शिल्पं दाखवत सांगा, मी स्वतः सांगितली आहे आणि पोरं कान टवकारून ऐकतात. विष्णूने अंगठ्याने झाकण उडवलं आणि खाली राक्षस लपलेला, एवढी झकास गोष्ट कोण सोडेल.

पण प्रश्न जेव्हा "कसे तयार झाले" असा विज्ञानाच्या पेपरात येतो तेव्हा तिथे कारण मागितलेलं असतं, आणि कारणाला पुरावा लागतो. त्या सरांनी मार्क द्यायला हवे होते, पूर्ण तीन. माझं मत.

पाटील_अंजनगाव
गुरुजी तुमचा मान ठेवून बोलतो, पण तुम्ही कलमं सांगून मोकळे झाले. पोरांना आपलं काहीच सांगायचं नाही का मग? सगळं बाहेरच्या लोकांनी शोधलं असंच शिकवत राहा. आर्यभट आपला, सुश्रुत आपला, नाकाचं ऑपरेशन आपल्याकडे झालं, हे विज्ञानाच्या तासाला सांगायचं नाही तर कुठं सांगायचं? दुसरी गोष्ट, हे तुमचे शास्त्रज्ञ लोणारबद्दल तरी एका जागी ठाम आहेत का? आधी म्हणे ज्वालामुखी. मग म्हणे उल्का. मग म्हणे पन्नास हजार वर्षं जुनं, आता म्हणे पाच लाखाच्या वर. दर वीस वर्षांनी यांचं उत्तर बदलते. आमची गोष्ट हजार वर्षांपासून तीच आहे. मग भरवसा कोणावर ठेवायचा सांगा.

दगडू_चांदा
पाटील साहेब, हा पॉईंट तुम्ही भारी काढला, कारण लोणार त्याच्यासाठीच शिकवलं पाहिजे. मी भूशास्त्रात एमएस्सी केलं, नोकरी मिळाली नाही तो विषय वेगळा.

ज्वालामुखी का म्हणत होते? कारण अख्खा दख्खनचा पठार लाव्हाचा, आजूबाजूला सगळा बसाल्ट, मग गोल खड्डा दिसला तर माणूस पहिले ज्वालामुखीच म्हणणार ना. त्या वेळच्या माहितीत तो अंदाज काही येडपट नव्हता. पण लाव्हा वाहून थंड झाला त्याला साडेसहा कोटी वर्षं होत आली आन् खड्डा त्या मानाने ताजा दिसते, काठ अजून उभे आहेत. मग १९७० च्या दशकात तिथं बोअर मारून आतले नमुने काढले. त्यात मास्केलिनाइट सापडलं. हे म्हणजे खडकातलं फेल्डस्पार नावाचं खनिज प्रचंड दाबाच्या धक्क्यानं काचेसारखं होऊन जाते, वितळायलाही टाईम भेटत नाही त्याला. असा धक्का ज्वालामुखीत बसत नाही, वरून काहीतरी भयानक वेगानं आदळलं तरच बसते. तिथं ज्वालामुखीवाली बाजू हरली. कोणी मोर्चा नाही काढला, मत मागे घेतलं.

वयाचं पण तसंच. पन्नास हजार हा आकडा एका पद्धतीनं आला होता, नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर ५ लाख ७० हजाराच्या आसपास आलं. बदललं, बरोबर. पण काहून बदललं, कोणी मोजलं, चूक किती धरली, ते सगळं लिहून ठेवलेलं आहे, तुम्ही उद्या अजून चांगलं मोजा आन् खोटं पाडा. लवणासुराची गोष्ट खोटी पाडाची सोयच नाही, म्हणून ती बदलत नाही.

आन् व्यास साधारण १.८ किलोमीटर, बसाल्टमध्ये पडलेलं इतकं चांगलं टिकलेलं विवर जगात दुसरीकडे सापडणं मुश्किल, चंद्रावरच्या विवरांशी ताडून पाहायला बाहेरचे लोक इथं येतात. आन् इथल्या पोरीनं तेच लिहिलं तं तिला दीड मार्क. वा राजेहो.

माय_वऱ्हाडी
दगडूभाऊ +१. २०२० च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा आमच्या व्हाट्सॲप ग्रुपवर काय काय येऊन राह्यलं होतं आठवते का? देवीचा कोप, कलियुगाचा शेवट. कोरोना चालू, त्यात हे. माह्या सासूनं तं देवापाशी दिवाच लावून ठेवला.

दगडू_चांदा
हो ना. प्रकरण हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, नमुने तपासले, पुण्याच्या आघारकर इन्स्टिट्यूटनं सांगितलं की हॅलोआर्किया नावाचे मीठ-प्रेमी सूक्ष्मजीव वाढले, त्यांचा तो रंग. पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांना मजा आली. बाटलीत ठेवलेलं पाणी तर काही दिवसांनी साफ झालं, रंगवाले जीव खाली बसले. दिवा लावला तो लावला, त्यानं काही बिघडत नाही.

पाटील_अंजनगाव
बरं मास्केलिनाइट मान्य करतो, मला माहीत नव्हतं ते. पण आर्यभटाचं उत्तर कोणी दिलं नाही.

गुरुजी_रिटायर्ड_वाशीम
देतो. आर्यभट विज्ञानाच्या तासाला यायलाच पाहिजे, मी तर म्हणतो पहिल्या बाकावर. पण तो का यायला पाहिजे? इसवी सन ४९९ मध्ये तेवीस वर्षांच्या त्या माणसाने लिहिलं की ग्रहण सावलीमुळे होतं, चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. गणित मांडून दाखवलं. राहू गिळतो हे सगळे मानत होते त्या काळात. त्याच्या नंतरच्या मोठमोठ्या लोकांनी त्याच्यावर टीका केली, ब्रह्मगुप्तानेसुद्धा. म्हणजे आपल्याच परंपरेत ही भांडणं झाली आहेत पाटील, बाहेरून कोणी आणली नाहीत. सुश्रुताचं पण तेच, गालाची कातडी कशी काढायची, नाकाला कशी बसवायची, पायरी पायरीने दिलंय, करून पाहता येतं. ते शिकवा. त्याच्या शेजारी गणपतीचं डोकं हे प्लास्टिक सर्जरीचं उदाहरण म्हणून बसवलं की सुश्रुताचीच किंमत कमी होते.

कोया_सालेकसा
मी गोंड समाजाचा. एक साधा प्रश्न सगळ्यांना. आमच्या सालेकशाजवळ कचारगड आहे, माघ पौर्णिमेला लाखो लोक येतात, मध्य प्रदेश छत्तीसगड तेलंगणातून. आमची कथा आहे की दगडाने बंद केलेल्या त्या गुहेतून आमचे धर्मगुरू पहांदी पारी कुपार लिंगो यांनी लेकरं सोडवली आणि तिथून आमचा समाज पुढे आला. आता गुहा कशी तयार झाली असा प्रश्न आला तर आमच्या पोराने हे लिहिलं तर त्याला मार्क मिळतील का? की "पौराणिक कारण" म्हणजे फक्त एकाच धर्माचं कारण?

मला नको आहेत ते मार्क. आमची कथा आम्ही यात्रेत गाऊन सांगतो, तिला कोणत्या सरांच्या लाल पेनाची गरज नाही. पण नियम काढायचा तर सगळ्यांना एक काढा ना भाऊ.

नागनदी
कोया भाऊ एक नंबर. हेच लिहायला आलो होतो. आमच्या वस्तीत मुलांना आम्ही संविधान दाखवून सांगतो की कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे, १९७६ मध्ये घातलं ते. वर्गात पंचवीस पोरं असतील तर पाच-सहा प्रकारच्या घरातून येतात. विज्ञानाचा तास ही एकच जागा आहे जिथं कोणाच्या घरात काय सांगतात याने उत्तर बदलत नाही. ती पण घालवायची का?

बाळापूरकर
अस्सलामु अलैकुम, नमस्कार. हे फक्त हिंदू शाळेत होतं असं समजू नका. माझी मुलं उर्दू शाळेत होती. दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांती, तर आमच्या ओळखीतले एक सर उत्क्रांतीची पानं "घरी वाचून घ्या" म्हणून पुढे जायचे. कोणी तक्रार केली नव्हती, त्यांना आपणच बरं वाटायचं नाही. माझा मुलगा विचारायला लागला की अब्बू हे खोटं आहे का मग परीक्षेत का येतं? मी म्हटलं बेटा मी किराणा दुकानदार, मला विचारू नको, पण सरांनी शिकवायला पाहिजे होतं, पटो ना पटो. नमाज आपली आपल्याजवळ. पुढे डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला बसायचं त्याला, तिथे काय लिहिणार?

मास्तरीण_घाटंजी
बाळापूरकर भाऊ, अगदी. मी विज्ञान शिकवते, त्यामुळे शिक्षकाच्या बाजूचं पण ऐका. सगळ्यांना वाटतं सर मुद्दाम करतात. तसं नसतं बरेचदा. आमच्या शाळेत माझ्याकडे तीन वर्गांचं विज्ञान आणि दोन वर्गांचं गणित, शिवाय पोषण आहाराचे हिशोब, ऑनलाईन माहित्या, मतदार याद्या. प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे शोधण्यात तास जातो. अशा वेळी गोष्ट सांगणं सोपं पडतं, पोरं शांत बसतात, पालक खूश, गावात नाव होतं. मास्केलिनाइट सांगायला स्वतःला आधी वाचावं लागतं.

उत्क्रांती शिकवताना दर वर्षी एक तरी पोरगं म्हणतं, मॅडम पप्पा म्हणतात माकडापासून माणूस झाला तर आताची माकडं माणूस काहून होऊन नाही राह्यली. २०१८ मध्ये केंद्रातल्या शिक्षण खात्याच्या राज्यमंत्र्यांनीच असं बोललं होतं की कोणी माकडाचा माणूस होताना पाहिलं नाही, मग पप्पांना काय म्हणणार. मी सांगते की आजचं माकड आपला आजोबा नाही रे, लांबचा चुलतभाऊ आहे, आजोबा दोघांचा एक होता आणि तो गेला. एवढं कळतं त्यांना. पण २०२३ पासून केंद्राच्या एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती काढून टाकली, अठराशेच्या वर शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी पत्र लिहिलं तरी. बारावीला जीवशास्त्र घेतलं तरच भेटते. जो पोरगा दहावीनंतर आयटीआयला गेला त्याला कधीच नाही. आपल्या बोर्डाचं पुस्तक त्या मानाने बरं म्हणायचं.

"आजी म्हणते" हे वर्गात येतंच. मी कधी आजीला खोटं पाडत नाही, मुलाच्या तोंडावर तर नाहीच. मी विचारते, हे आपण तपासायचं कसं? लोणारला सहल नेली तेव्हा घरून हळदीचे कागद करून नेले होते, फिल्टर पेपर नाही भेटला तर साधा टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवायचा. तळ्याच्या पाण्यात बुडवला की लालसर होतो, तिथल्याच गोड्या झऱ्याच्या, गोमुखाच्या धारेच्या पाण्यात पिवळाच राहतो. दोन पाणी इतकी जवळ आणि वेगळी कशी, यावर पोरं बसमध्ये घरी येईपर्यंत भांडत होती. लवणासुराचं रक्त म्हणून खारट असेही म्हणाले एक-दोघं, मग एकजण म्हणाला रक्तात कागद बुडवून पाहावं लागेल मॅडम. 😀

माय_वऱ्हाडी
मॅडम तुमच्यासारख्या बाई आमच्या पोट्ट्यायले भेटल्या असत्या तं.

पाटील_अंजनगाव
हळदीचा कागद माझ्या नातवाला करून दाखवतो. पण एक सांगा, एवढं काय बिघडते? दोन ओळी गोष्टीच्या जास्त लिहिल्या तर पोरगी वाया जाते का?

दगडू_चांदा
दोन ओळीनं नाही जात. सवयीनं जाते. पावसाळ्यात पेरणीच्या दिवसात साप चावला की अजून बी आपल्या भागात लोक पहिले मंत्र टाकणाऱ्याकडे नेतात का नाही? २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात हे कलमच आहे, साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र-गंडेदोरे करणं गुन्हा. कायदा करावा लागला म्हणजे बघा. ज्या पोराला शाळेत सांगितलं की दोन्ही कारणं बरोबर, दोन्हीचे मार्क सारखे, ते रात्री बाप बांधावर पडलेला असताना दोन्हीपैकी कोणतं निवडणार? मंत्रवाला गावातच असते, दवाखाना पंचवीस किलोमीटर.

परदेशी_नागपूरकर
मी अमेरिकेत असतो, इथला किस्सा सांगतो कारण "दोन्ही बाजू शिकवा" हे वाक्य इथं कोर्टात जाऊन आलं आहे. पेनसिल्व्हेनियात डोव्हर म्हणून छोटं गाव. तिथल्या शाळा मंडळानं ठरवलं की नववीच्या जीवशास्त्राच्या पोरांना आधी एक निवेदन वाचून दाखवायचं, की डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत आणि बुद्धिमान रचना (म्हणजे सजीव कोणीतरी बुद्धीनं घडवले) नावाचा दुसरा पर्याय आहे. विज्ञानाच्या शिक्षकांनी वाचायला नकार दिला, मग प्रशासनाच्या लोकांनी येऊन वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. २००५ च्या डिसेंबरात न्यायाधीश जोन्स यांनी निकाल दिला की हे विज्ञान नाही, धर्माचंच दुसरं नाव आहे, सरकारी शाळेच्या विज्ञानात चालणार नाही. बरं हा न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष बुशनेच नेमलेला. मंडळाच्या त्या सदस्यांना गावाने त्याआधीच्या महिन्यात निवडणुकीत पाडलं होतं, आणि वकिलांच्या खर्चापोटी शाळेला दहा लाख डॉलर भरावे लागले. शाळेचे पैसे होते ते.

गंमत म्हणजे त्या पालकांमधले कितीतरी जण चर्चला जाणारे होते.

खंजेरी_मोझरी
शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मी भजनी माणूस, गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला बसणारा, त्यामुळे मला कोणी नास्तिक म्हणू नये. आमच्या भागाने गाडगेबाबा पाहिले, तुकडोजी महाराज पाहिले. बाबा कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून विचारून हैराण करायचे, दगडाचा देव बोलतो का, नवसाने पोर होते का. अन् तेच बाबा गोपाला गोपाला म्हणत रडवायचे. त्यांना कोणी अधर्मी म्हटलं नाही.

माझा राग त्या सरावर वेगळ्या कारणाने आहे. देवाची कथा तुम्ही विज्ञानाच्या पेपरात बसवता, म्हणजे तिला तपासायला बसवता. मग उद्या पोट्टं विचारणार की झाकण किती टनाचं होतं, अंगठ्यात ताकद किती होती. विचारणारच, त्या तासाला तेच शिकवतात ना. अन् मग उत्तर नाही म्हणून कथा खोटी, कथा खोटी म्हणून देव खोटा, असा हिशोब होतो. आम्ही भजनात झाकणाचं वजन काढत नाही. तिथं लवणासुर मरतो तेव्हा माणसातला माज मरतो. ते समजायला वेगळी बैठक लागते, तीन मार्काच्या प्रश्नात ते बसत नाही. २०२३ मध्ये चांद्रयानाच्या कौतुकासाठी काढलेल्या सरकारी वाचनसाहित्यातही पौराणिक विमानं घातली होती, मला वाईट वाटलं. इस्रोच्या पोरा-पोरींनी रात्र रात्र जागून केलेलं काम, अन् पुराणाची पण त्यात परीक्षा.

नागनदी
आपले मार्ग वेगळे आहेत दादा, पण ही पोस्ट मी सेव्ह केली.

पाटील_अंजनगाव
खंजेरी महाराज, तुमच्यापुढे काय बोलू. विज्ञानात मार्क कापू नये इथपर्यंत मी आलो. पण गोष्टी शाळेतून हद्दपार होऊ नये, हे माझं मत कायम आहे, आणि ज्या शाळेत मराठीच्या तासालाच कोणी गोष्ट सांगत नाही तिथं काय करायचं ते पण सांगा कधी.

गुरुजी_रिटायर्ड_वाशीम
हे मात्र खरं बोललात. त्याचा वेगळा धागा काढा, मी येतो.

देवा_देऊळगाव
मग आता करायचं काय मेहकरवाले? बीईओला, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्याले, अर्ज?

मास्तरीण_घाटंजी
अर्ज नका करू एकदम, प्लीज. त्या सरांवर चौकशी लागेल आणि पुढचे शिक्षक लोणारचा प्रश्नच पेपरात टाकणार नाहीत, एवढंच होईल. शाळा व्यवस्थापन समिती असते, शिक्षण हक्काच्या आरटीई कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात. तिथे मांडा. सरांना वर्गासमोर नाही, समितीत नाही, आधी एकट्याला भेटून सांगा. चहा पाजा. पाठ्यपुस्तकाचं पान दाखवा.

कपाशीवाला_मेहकर
सगळ्यायचे आभार. मॅडमचंच ऐकतो. सरले घरीच बोलावतो, दगडूभाऊचं मास्केलिनाइटवालं छापून ठेवतो, सरले द्यायले बी होईन. अर्ज-बिर्ज काही नाही. पोरीले मार्क वाढून भेटले नाही तरी चालन, पण पुढच्या पेपरात त्या दोन ओळीची जबरदस्ती नको एवढंच मागन.

पोरगी मागून वाचून राह्यली हे सगळं. ती इचारते का दगडूकाका, उल्का पडली तं मंग उल्केचा तुकडा कुठं गेला?

दगडू_चांदा
हाच प्रश्न पाहिजे होता! एवढ्या वेगानं आदळल्यावर बहुतेक उल्का स्वतःच वितळून वाफ होऊन जाते. विवराच्या भोवती वितळलेल्या काचेचे बारीक मणी सापडतात, त्यात तिचा अंश शोधतात. तिला सांग चांद्याकडे (चंद्रपूरकडे) ये, वरोऱ्याजवळ पिसदुरा गाव आहे, तिथं शेतात डायनासोरची हाडं आन् दगड झालेलं शेण सापडलं आहे. त्या शेणात गवताचे अंश निघाले, २००५ मध्ये जगभर बातमी झाली, कारण तोपर्यंत वाटायचं डायनासोरच्या काळात गवतच नव्हतं.

माय_वऱ्हाडी
डायनासोरचं शेण?? आमच्या चांद्यात???

देवा_देऊळगाव
दगडूभाऊ पिसदुऱ्याचा येगळा धागा काढा, फोटोसकट. आन् कापसाचा बी काढतो मी, कोणीच उत्तर देऊन नाही राह्यलं.